नवी नोकरी आणि पोटातला गोळा: कागदांपासून पहिल्या पगारापर्यंत

नोकरी लागते, पेढे वाटून होतात, स्टेटसला ऑफर लेटरचा फोटो लागतो (तो लावू नका, त्यावर तुमचा पगार आणि पत्ता असतो) आणि जॉइनिंगची तारीख चार दिवसांवर आली की पोटात गोळा यायला लागतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि घरात सगळे आनंदात असल्यामुळे बोलायचीही चोरी.

पुण्यात नव्या मुलामुलींना कंपनीत रुजू करून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. जॉइनिंगच्या दिवशी टेबलाच्या या बाजूला मी असते आणि पलीकडे प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून बसलेली मंडळी. ‘मला काम जमेल का’ ही भीती जो तो सांगतो. पण काम तर अजून कुणी पाहिलेलंच नसतं. जरा बोलतं केलं की कळतं, खरी धास्ती असते ती गेट कुठलं, कुणाला भेटायचं, इंग्रजीत विचारलं तर काय, डबा कुणाबरोबर खायचा याची. या गोष्टी बारीक आहेत आणि जवळजवळ सगळ्या आधीच निस्तरता येतात. म्हणून ‘मन शांत ठेवा’ छापाचा सल्ला मी देत नाही. खाली लिहिलंय त्या क्रमाने एकेक काम उरकत चला. लातूर-जळगावकडून पुण्या-मुंबईला पहिल्यांदा नोकरीला येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण दुसरी-तिसरी नोकरी असणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी कागद

आठवडा-दहा दिवस हातात असताना ऑफर लेटर प्रिंट काढून शांतपणे वाचा. मोबाइलवर वाचलेलं धरू नका. चार गोष्टींखाली पेनने रेघ मारा: तारीख, वेळ, पूर्ण पत्ता, आणि कुणाला रिपोर्ट करायचं त्यांचं नाव व नंबर. यातलं काही लिहिलेलं नसेल तर लगेच मेल करून विचारा. असं विचारलं म्हणून कुणी तुम्हाला बावळट समजत नाही. उलट आमचं काम सोपं होतं.

कागदपत्रांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: आधार, पॅन, दहावीपासूनच्या मार्कशीट, पासपोर्ट साइझ फोटो, बँकेचा कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. आधी नोकरी केलेली असेल तर रिलिव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि पीएफचा जुना यूएएन नंबर. हा नंबर आयुष्यभर एकच असतो. नव्या कंपनीत नवा काढू नका, जुनाच द्या, नाहीतर पुढे दोन खाती एकत्र करताना नाकी नऊ येतात.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर फक्त नाव-आडनाव, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर प्रत्येक कागदावर वेगळंच. पीएफच्या नोंदीत नाव आधारशी जुळावं लागतं, त्यामुळे फरक असेल तर जॉइनिंगच्या आधीच एचआरला दोन ओळींचा मेल टाका. त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे. तुमच्यासाठी मात्र ऐन वेळी टेबलासमोर उभं राहून घाम फोडणारं.

दुसरं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर. निम्म्या मुलांचा आधार बाबांच्या नंबरला जोडलेला असतो. इकडे आम्ही ओटीपी टाकायला सांगतो, तिकडे बाबा शेतात, फोनला रेंज नाही, आणि मुलगा घामाघूम होऊन पाचव्यांदा फोन लावतोय. जवळच्या आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यालाही काही दिवस लागू शकतात, म्हणूनच हे आधी करायचं काम आहे.

आणि एक ठणकावून सांगते. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, पडताळणी झाली की परत घ्यायची. ‘ठेवून जा, नंतर देऊ’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, गणवेशाचे पैसे असं काही जॉइनिंगआधी भरायला सांगत असेल तर ती नोकरी नव्हे, फसवणूक समजा आणि तिथेच थांबा.

सरकारी नोकरीत हे प्रकरण वेगळं असतं. तिथे वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, लागू असेल तर जातवैधता, आणि रुजू अहवाल असा क्रम असतो. नेमणूक आदेशात जे लिहिलंय तेच ब्रह्मवाक्य. मित्राच्या विभागात काय चाललं यावर जाऊ नका.

तारीख आणि अमावास्या

दरवर्षी येणारा प्रश्न, म्हणून लिहिते. जॉइनिंगच्या दिवशी अमावास्या आहे आणि घरचे म्हणतात नको. तारीख बदलून मागायची असेल तर पत्र हातात पडल्याच्या दिवशी कॅलेंडर बघा आणि तेव्हाच मागा. एकटे रुजू होणार असाल तर बऱ्याचदा मिळते. पन्नास जणांची बॅच असेल तर मिळत नाही, आणि आदल्या संध्याकाळी मागितली तर हमखास मिळत नाही.

रस्ता एकदा तुडवून या

माझ्या मते हा सगळ्यात मोठा उतारा आहे आणि सगळ्यात कमी लोक तो घेतात. नोकरीच्या जागेवर आधी एकदा जाऊन या. रविवारी जाऊन उपयोग नाही. कामाच्या दिवशी, ज्या वेळेला पोहोचायचं त्याच वेळेला.

हिंजवडीचंच घ्या. नकाशावर वाकडपासून चार-पाच किलोमीटर दिसतात. सोमवारी सकाळी नऊला भूमकर चौक किंवा शिवाजी चौक ओलांडताना ते चार किलोमीटर काय असतात ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. शिवाय हिंजवडीत फेज एक, दोन, तीन असे भाग आहेत आणि एकेका कंपनीच्या दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी इमारती. पत्त्यात फेज कुठला ते न बघता ‘हिंजवडी आयटी पार्क’ एवढ्यावर निघालेला माणूस फेज एकच्या गेटवर पोहोचतो आणि त्याचं ऑफिस फेज तीनमध्ये निघतं. खराडी, मगरपट्टा, बाणेरलाही हाच नियम: इमारतीचं नाव, टॉवरचा नंबर आणि गेट, तिन्ही पाहिजेत.

मुंबईत पहिल्यांदा लोकलने जाणार असाल तर गर्दीच्या वेळेची एक फेरी मारल्याशिवाय जॉइनिंगला जाऊ नका. स्लो आणि फास्ट गाडीतला फरक, आपल्या स्टेशनला प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो, जिना पुढच्या टोकाला की मागच्या, हे बघून ठेवा. संध्याकाळी विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायच्या बेताने चढू नका, ती गाडी विरारकरांची. आणि उतरण्याची पद्धत शिकून घ्या: आपलं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीपासून दरवाजाकडे सरकायचं, पुढच्याच्या खांद्याला हलकेच हात लावून ‘अंधेरी?’ विचारायचं. त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. एवढं जमलं की निम्मी मुंबई जमली.

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला कारखान्यात लागला असाल तर कंपनीच्या बसचा थांबा आणि वेळ विचारून घ्या. बस कुणाची वाट बघत नाही. दहा मिनिटं आधी थांब्यावर उभं राहायचं आणि बसच्या काचेवरचं रूटचं नाव बघून हात करायचा. पहिल्या दिवशी बहुधा जनरल शिफ्टला बोलावतात आणि सुरक्षिततेचं ट्रेनिंग देतात. सेफ्टी शूज कंपनी देते की आपण आणायचे, हेही विचारा.

फेरी मारून आलात की गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या. ऑफिसला जाणारी माणसं बघा. काय कपडे घालतात, पाठीवर सॅक आहे की हातात डबा, किती वाजता आत शिरतात. पहिल्या दिवशी काय घालायचं या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. (तरीही पहिल्या दिवशी साधा इस्त्रीचा फॉर्मल शर्ट किंवा कुर्ता बरा, आणि बूट-चपला नव्या नकोत. नव्या बुटाने चावलेली टाच घेऊन दिवसभर हसता येत नाही.) कॅम्पसमधून निवडलेल्या बऱ्याच बॅचेस पावसाळ्यात रुजू होतात. तेव्हा फाइलला प्लॅस्टिक आणि सॅकमध्ये मोज्यांचा जादा जोड ठेवा.

बोलायचं काय, आणि कुठल्या भाषेत

मराठी माध्यमातून आलेल्यांची सगळ्यात मोठी भीती ही. इथे थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी तुम्हाला एकच भाषण करावं लागतं: स्वतःची ओळख. ते दिवसातून सात-आठदा करावं लागतं, पण असतं तेच. त्यामुळे चार वाक्यं बसवा. नाव, कुठून आलात, काय शिकलात किंवा आधी कुठे होतात, कुठल्या टीममध्ये रुजू होताय. संपलं. छंद, जीवनध्येय, ‘आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग पर्सन’ हे इंटरव्ह्यूत झालं, आता नको. ही चार वाक्यं आरशासमोर नको, घरातल्या कुणासमोर मोठ्याने म्हणा. धाकट्या बहिणीसमोर म्हणालात तर उत्तम, ती हसेल आणि तिथेच तुमची भीड चेपेल.

दुसरी तयारी, अडल्यावरच्या वाक्यांची. ‘सॉरी, कॅन यू रिपीट दॅट?’, ‘लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू’, ‘आय अ‍ॅम न्यू हिअर, हूम शुड आय आस्क?’ ही तीन वाक्यं जिभेवर असली तर बहुतेक प्रसंग निभावतात. समोरचा माणूस दक्षिणेतला असेल, दिल्लीचा असेल, त्याचंही इंग्रजी शाळेतलंच असतं. मीटिंगमध्ये सगळे फाडफाड बोलताहेत असं वाटतं खरं, पण नीट कान देऊन ऐका. तीच पंधरा-वीस वाक्यं फिरून फिरून येत असतात. एका वहीत ती टिपत गेलात तर महिनाभरात तुमच्याही तोंडात बसतील.

आणि बोलणाऱ्याला मराठी येत असेल तर मराठीत बोला. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत जेवणाच्या टेबलावर, सिक्युरिटीच्या काकांशी, अ‍ॅडमिनच्या ताईंशी मराठी चालते, आणि पहिल्या आठवड्यात तुमची खरी कामं हीच माणसं करून देतात. आयडी कार्ड, लॉकर, पार्किंगचा पास, पाण्याचा फिल्टर कुठे, कुठलं लिफ्टचं बटण चालत नाही.

‘सर’ म्हणायचं की नावाने हाक मारायची? आयटीत मॅनेजरलाही नावाने बोलावतात, बँकेत आणि कारखान्यात सर, मॅडम, साहेब चालतं. पहिल्या भेटीत सर-मॅडमच म्हणा. नावाने हाक मारायची असेल तर ते स्वतःच सांगतात.

आदली रात्र

उद्याची सगळी तयारी संध्याकाळीच करून टाका. कपडे इस्त्री करून, फाइल सॅकमध्ये, मोबाइल आणि पॉवर बँक चार्जिंगला, सुट्टे पैसे खिशात, पेन दोन. पेन खरोखर दोन ठेवा. फॉर्म भरताना एक कुणीतरी मागून घेतं आणि ते परत येत नाही. मात्र तेवढ्यावर शेजारच्याशी ओळख होते, हाही फायदाच.

झोपण्याआधी पाच मिनिटं कागद घ्या आणि उद्या करायच्या गोष्टींची यादी लिहा. ‘साडेसहाला उठणे, आंघोळ, पोहे, पावणेआठची बस’ इतकी बारीक. हा माझा लाडका उपाय आहे आणि त्याला प्रयोगाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हा प्रयोग झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईने लिहिली, तितकी झोप लवकर. डोक्यात फिरत राहणारी गोष्ट कागदावर उतरली की डोकं ती सोडून देतं.

तरी झोप नाहीच लागली तर? एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पहिला दिवस बिघडत नाही. पहिल्या दिवशी अवघड काम कुणी देतच नाही. घड्याळाकडे बघून ‘आता चारच तास उरले’ असा हिशेब मात्र करत बसू नका. कॉट बेसिसवर राहत असाल आणि रूममेट रात्री एकपर्यंत रील्स बघत असेल तर कानात कापसाचे बोळे घाला, पण आदल्या रात्री भांडण काढू नका.

सकाळ: शरीराचं काय करायचं

सकाळी उठल्यावर छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, दोनदा संडासला जावंसं वाटतं. हे सगळं अ‍ॅड्रेनलिनचं काम. धोका आहे असं वाटलं की शरीर रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवतं, म्हणून बोटं थंड पडतात आणि पोटात कालवाकालव होते. त्यात कॉर्टिसॉल हे संप्रेरक उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात एरवीही वाढतं. म्हणजे सकाळी सातला वाटणारी भीती जरा जास्तच वाटते. दहापर्यंत ती बऱ्यापैकी उतरलेली असते, यावर भरवसा ठेवा.

श्वासाचा उपाय खरंच चालतो, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त ठेवायचा. नाकाने चार आकडे मोजत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. पाच मिनिटं. बसमध्ये, रिक्षात, रिसेप्शनच्या सोफ्यावर, कुठेही जमतं आणि कुणाला कळतही नाही. प्राणायाम येत असेल तर फारच छान, पण पहिल्या दिवशी नवा प्रकार शिकायला जाऊ नका.

हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ साली एक गंमतशीर गोष्ट दाखवली. भाषण करण्याआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. धडधड दोन्हीकडे सारखीच असते. तिला जबरदस्तीने दाबण्यापेक्षा उत्सुकतेच्या खात्यात टाकणं सोपं जातं. तेव्हा आई ‘टेन्शन आलंय का?’ विचारेल तेव्हा ‘नाही’ म्हणून खोटं बोलण्यापेक्षा ‘उत्सुकता लागलीय’ म्हणा. निम्मं तरी खरंच असतं.

खाणं: आईने हातावर दिलेली दहीसाखर जरूर खा, पण तेवढ्यावरच निघू नका. पोहे, उपीट, पोळीभाजी, जे रोज खाता ते. गुरुवारचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी खाऊन निघा. रिकाम्या पोटी हात थरथरतात आणि ती थरथर भीतीचीच वाटते. चहा नेहमीइतकाच. घाबरलेल्या माणसाने तीन कप कडक चहा-कॉफी घेतली की धडधडीत भर पडते, कारण कॅफिनचा परिणाम अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

गेटपासून दुपारपर्यंत

पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. दीड तास आधी नको. साडेनऊची वेळ असताना आठला येऊन बसलेली मुलं मी पाहते. ती साडेनऊपर्यंत स्वतःला इतकं दमवून घेतात की फॉर्मवर स्वतःची जन्मतारीख लिहिताना अडखळतात. लवकर पोहोचलातच तर गेटबाहेर फिरा, टपरीवर थांबा.

आत गेलात की सिक्युरिटीकडे नोंद, व्हिजिटर पास, मग एखाद्या खोलीत बसवतात. तिथे तुमच्यासारखेच आणखी काही असतात. सगळे मोबाइलमध्ये तोंड खुपसून. या खोलीत जो पहिला ‘तुम्ही कुठून आलात?’ विचारतो, त्याचा दिवस सोपा जातो. हे मी शेकड्याने बॅचेसमध्ये पाहिलेलं आहे. परवाच उदगीरची एक मुलगी शेजारच्या कोल्हापूरच्या मुलीला म्हणाली, ‘तुझ्याकडे स्टेपलर आहे का गं?’ स्टेपलर नव्हताच. पण जेवायच्या सुट्टीत दोघी एकाच टेबलावर होत्या आणि एकीच्या शेंगदाण्याच्या चटणीवर दुसरीने बोटं चाटत शेरा मारला, ‘आमच्याकडं ह्याच्यात लसूण जास्त असतोय.’

हो, डबा. पहिल्या दिवशी डबा न्यायचा की नाही? न्या. कँटीन असलं तरी न्या. कूपन कसं मिळतं, कार्ड कुठे रिचार्ज करायचं, रांग किती, यात पहिला दिवस घालवू नका. आणि डबा उघडला की चार माणसं आपोआप जवळ येतात. दोन पोळ्या जास्त ठेवा.

फॉर्म भरताना सही पॅनवर, बँकेत जशी आहे तशीच करा. पीएफ आणि विम्यासाठी नॉमिनीचं नाव आणि जन्मतारीख लागते, तेव्हा आई-बाबांच्या जन्मतारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आईची जन्मतारीख अनेकांना ऐन वेळी आठवत नाही आणि फोनवर विचारली तर आई म्हणते, ‘पोळ्याच्या आसपास.’

नावं लक्षात राहत नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका. वहीच्या मागच्या पानावर बसण्याच्या जागांचा कच्चा नकाशा काढा आणि एकेका चौकोनात नाव लिहीत जा. आठवड्याभरात तो पूर्ण होतो.

पहिला आठवडा

कुणी न सांगितलेली गोष्ट: पहिल्या आठवड्यात बहुधा कामच नसतं. लॅपटॉप आलेला नसतो, लॉगिन मिळत नाही, मॅनेजर मीटिंगमध्ये. तुम्ही खुर्चीत बसून भिंतीकडे बघताय आणि वाटतंय की सगळे आपल्याकडेच बघताहेत.

कुणी बघत नसतं. मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजलं. एकेका विद्यार्थ्याला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्या विद्यार्थ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्या. तुमचा शर्ट, तुमचं इंग्रजी, तुमची रिकामी स्क्रीन, सगळ्यांना हाच हिशेब लावा.

रिकाम्या वेळात मॅनेजरला एक प्रश्न विचारा: ‘पहिल्या महिन्यात माझ्याकडून नेमकं काय झालेलं तुम्हाला हवंय?’ उत्तर लिहून घ्या. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विचारणारा लक्षात राहतो.

शंका विचारायच्या तर साठवून विचारा. दर पाच मिनिटांनी शेजारच्याची खुर्ची ओढण्यापेक्षा आधी वीसेक मिनिटं स्वतः खटपट करायची, काय करून पाहिलं ते लिहायचं, आणि दोन-तीन शंका एकदम घेऊन जायचं: ‘हे करून पाहिलं, इथपर्यंत आलं, पुढे अडलंय.’ सिनियर लोक अशा माणसाला कधीही हाकलत नाहीत. आणि एकदा सांगितलेलं वहीत उतरवा. तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की मात्र कपाळाला आठी पडते, त्यात त्यांची चूक नाही.

‘आपली निवड चुकून झाली, एक दिवस पकडले जाऊ’ असं वाटत असेल तर त्याला १९७८ सालापासून नाव आहे. क्लान्स आणि आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी ते कर्तृत्ववान बायकांच्या बाबतीत नोंदवलं होतं. इंग्रजीत त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हणतात. मी एवढंच सांगेन की निवड करताना आम्ही चहा पीत गप्पा मारत नसतो. तुमची निवड आमच्यातल्या कुणाच्या तरी सहीने झालेली आहे आणि चूक निघाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

घरचे आणि त्यांचे फोन

पहिल्या दिवशी दुपारी बाराला आईचा, साडेबाराला बाबांचा, एकला मामांचा फोन येतो. आधीच सांगून ठेवा: ‘संध्याकाळी सातनंतर मी करेन.’ आणि खरंच करा. दिवसातलं एखादं मजेशीर सांगा, एखादं अवघड सांगा. ‘सगळं छान’ एवढंच म्हणालात तर त्यांना काळजी लागते आणि फोन वाढतात.

धडधड थांबतच नसेल तर

दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं बस्तान बसतं. महिना उलटल्यावरही रोज सकाळी उलटी होण्यासारखं वाटत असेल, झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासूनच रडू येत असेल, तर अंगावर काढू नका. भारत सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या नंबरवर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत समुपदेशकही असतो आणि तुमचं बोलणं मॅनेजरपर्यंत जात नाही.

त्रास जर माणसांचा असेल तर तो वेगळा. तो तुमच्या नर्व्हसपणाच्या खात्यात टाकू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी, २०१३ च्या कायद्यानुसार, महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत ते पहिल्या आठवड्यात बघून ठेवा. नव्या मुलीने हे विचारलं तर चांगल्या ऑफिसात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

पहिला पगार

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालात तर पहिला पगार बऱ्याच ठिकाणी पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबरच येतो. म्हणून घरून निघताना खोलीच्या डिपॉझिटखेरीज निदान दोन महिन्यांचं भाडं, मेस आणि प्रवास एवढी तजवीज ठेवा. पैशाची ओढाताण असली की बाकीची सगळी भीती दुप्पट होते.

आणि हातात आलेली रक्कम बघून दचकू नका. समजा वर्षाचं पॅकेज ३ लाख ६० हजार ठरलंय. महिन्याला ३०,००० मिळतील असं घरी सांगून झालेलं असतं. पण त्यात कंपनीने पीएफमध्ये भरायचा वाटाही धरलेला असतो. मूळ पगार १५,००० धरला तर १२ टक्क्यांनी १,८०० झाले. ग्रॅच्युइटीची (बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ७२० च्या आसपास. राहिले २७,४८०. त्यातून तुमच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात साधारण २५,४८०. कुणी विम्याचा हप्ताही कापतं. बायकांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगाराला व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे मैत्रिणीच्या स्लिपवर तो नसेल आणि तुमच्या स्लिपवर असेल, तर आधी दोघींचा पगार बघा, मग एचआरकडे या.

फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले जातात. वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात म्हणून. दर मार्चला कुणी ना कुणी ती स्लिप घेऊन माझ्या टेबलापाशी येतोच.